रविवारचा फ्लोअरबॉल : एका हिवाळ्याच्या नोंदी (गोथेनबर्ग, स्वीडन, २०२३-२४)

२४ सप्टेंबर २०२३

हॉल मिळाला. गावातल्या हिसिंगेन बेटावरच्या एका शाळेचा व्यायामाचा हॉल, दर रविवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा. आज बाबांना घेऊन बघून आले. टेप लावला: १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद. फ्लोअरबॉलचं (छपराखालच्या हॉकीचं) पुरं मैदान ४० बाय २०, म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा. एका भिंतीला शिडीसारख्या लाकडी दांड्या, कोपऱ्यात लोंबणाऱ्या दोऱ्या, लांब बाक सहा. बाबांनी (निवृत्त पीटीचे सर, तासगावकडचे, सध्या तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे) चपलेशिवाय दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "जमीन चांगली आहे. पण खेळ कुठला म्हणालीस?"

विषय गणपतीच्या जेवणात निघाला होता. आपल्या मंडळींचं क्रिकेट सप्टेंबरात आटोपतं, बॅडमिंटनची कोर्टं कधीच मोकळी नसतात, आणि पुढचे चार महिने इथे दुपारी चारला दिवे लावायचे. मग सगळे घरात बसून जाड होतात. माझी लेक अकरा वर्षांची, तीन वर्षं क्लबात इन्नेबँडी खेळते. फ्लोअरबॉलचं हे इथलं नाव: इन्ने म्हणजे आत, आणि बँडी हा बर्फावर चेंडूने खेळायचा इथला जुना खेळ. तेरा मोठ्यांनी नावं दिली. एकानेही स्टिक हातात धरलेली नाही. मीही नाही, मी तीन वर्षं कडेला बसून कॉफी प्यायले आहे, एवढाच अनुभव. तरी शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

२७ सप्टेंबर

जुन्या सामानात एकगठ्ठा बारा स्टिका मिळाल्या, चौदा चेंडूंसकट. स्वस्त पडल्या म्हणून खूश होऊन घरी आणल्या. लेकीने एकेक उचलून पात्याचा बाक (वळण) बघितला आणि म्हणाली, "आई, यातल्या नऊ डाव्या आहेत."

यात काय बिघडलं ते मला तेव्हा कळलं नाही. रविवारी कळेल बहुतेक.

चेंडू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: २३ ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू याच्या जवळजवळ सातपट. व्यास ७२ मिलिमीटर, प्लास्टिकचा, आतून पोकळ, सगळीकडे भोकं. लेक म्हणाली भोकं सव्वीस असतात. बाबांनी पेनाने खुणा करत मोजली, एकदा पंचवीस आली, दुसऱ्यांदा सव्वीस. मग त्यांना तो चेंडू खाली ठेवावासा वाटेना.

१ ऑक्टोबर

पहिला रविवार. अकरा मोठे, पाच पोरं.

सुरुवातीला दहा मिनिटं बोलले. काय बोलले ते इथे लिहिते, पुढच्या नव्या माणसाला तेच वाचायला देता येईल. लाकडी जमिनीवर, छपराखाली खेळायची हॉकी समजा. एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, शिट्टी वाजून खेळ थांबला की घड्याळही थांबतं. मैदानाभोवती ५० सेंटिमीटर उंचीची फळी, कोपरे गोल, त्यामुळे चेंडू आपटून परत खेळात येतो. फळीवर मारून स्वतःलाच पास देता येतो. पात्याच्या दोन्ही बाजू चालतात, मैदानी हॉकीसारखी एकच सपाट बाजू नाही. पायाने चेंडू अडवलेला चालतो, पण मुद्दाम लाथ मारून केलेला गोल धरत नाहीत. हात नाही, डोकं नाही, दोन्ही पाय हवेत असताना चेंडूला शिवायचं नाही. दुसऱ्याच्या स्टिकवर मारायचं नाही, ती उचलायची नाही, दाबायची नाही, आणि त्याच्या दोन पायांमधून आपली घालायची नाही. खांद्याला खांदा घासला तर खेळ चालू, पाठीत ढकललं तर फ्री हिट. फ्री हिटच्या वेळी समोरच्यांनी लांब उभं राहायचं.

हे सांगून झाल्यावर स्टिका वाटल्या आणि भांडण लागलं. अकरापैकी नऊ जणांना उजवी हवी, आणि उजव्या तीनच. कारण सरळ आहे, मलाच आधी सुचलं नाही. स्टिकचं डावं-उजवं ठरतं खालच्या हातावरून. आपण लहानपणी बॅट धरली: वर डावा, खाली उजवा. स्टिकही हात आपोआप तशीच धरतात, म्हणजे उजवी. इथल्या पोरांच्या हातात बॅट कधी आलेलीच नाही. चांगला, ताकदीचा उजवा हात वर, स्टिक फिरवायला. डावा खाली, आधाराला. म्हणून उजव्या हाताने लिहिणारी माझी लेक डाव्या स्टिकने खेळते. तिच्या संघातल्या चौदापैकी दहा मुलींच्या स्टिका डाव्या.

लांबीचं सोपं: स्टिक पायांसमोर उभी धरायची, टोक बेंबीच्या आसपास आलं की ठीक. साताऱ्याच्या एका भिडूची छातीपर्यंत येत होती. तो म्हणे लांब असली की जास्त चेंडू मिळतात. मिळाले नाहीत.

बाक आडवे पाडून कडेला फळी केली, टोकांना छोटे गोल (९० बाय ६०, गोलकीपरशिवाय खेळायचे) ठेवले आणि शिट्टी वाजवली. पुढची वीस मिनिटं गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे अकराही जण चेंडूला लागले होते. पोरं भिंतीच्या दांड्यांवर चढून हसत होती.

दोघांच्या बुटांचे तळ काळे निघाले. जमिनीवर ओरखडे उठले. टेनिसचा चेंडू घासला की जातात, हे लेकीने दाखवलं. साडेसहानंतर आम्ही तिघे गुडघ्यांवर.

८ ऑक्टोबर

उचल. आजचा दिवस उचलीत गेला. स्टिक मागे नेताना पातं कमरेच्या वर गेलं की चूक, आणि आपण सगळे मिडविकेटवरून सिक्स मारायला उभे. नागपूरच्या एकीने असा काही फटका मारला की पातं आधी तिच्याच नवऱ्याच्या कोपराला लागलं आणि चेंडू जागचा हलला नाही.

२३ ग्रॅमच्या चेंडूला फटका लागतच नाही मुळात. त्याला ओढून न्यायचं असतं: पातं चेंडूच्या मागे ठेवायचं, अंगाच्या मागून पुढे सरकवत न्यायचं आणि मनगट वळवून सोडायचं. केरसुणीने कचरा सुपात घेतो ना, तसं. हे म्हटल्यावर एकदम सगळ्या बायकांना जमलं. पुरुषांपैकी दोघांना.

१५ ऑक्टोबर

डाव्या-उजव्याचा तिढा सुटला, घरच्या गॅलरीत. दांडा गोल असतो, त्याला डावं-उजवं नसतं; बाक असतो तो पात्याला. आणि पातं दोन स्क्रूंनी बसवलेलं असतं. सहा उजवी पाती मागवली. स्क्रू काढले तरी जुनी पाती निघेनात, तेव्हा मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं आणि स्टिका उलट्या करून त्यात बुडवल्या. दोन मिनिटांत प्लास्टिक मऊ पडलं, फडक्याने धरून पिळलं की बाहेर. नवीही तशीच गरम करून चढवली. सामन्यात दांडा आणि पातं एकाच कंपनीचं लागतं. आपल्या रविवारला एवढा सोवळेपणा नको. पातेलं मात्र आता स्वयंपाकातून बाद, असा घरातून निकाल आला आहे.

एक धडा: नव्या माणसाला सुरुवातीला सरळ, बाक नसलेलं पातं द्यावं. शाळांच्या कपाटात असतात तसं. दोन्ही हातांना चालतं आणि भांडण होत नाही. हे मला पाती मागवून झाल्यावर कळलं.

२२ ऑक्टोबर

आता पास जातात. मुंगळ्यांचं निम्मं झालं. कोणी तरी मागे थांबतं. आजपासून तीनास तीन, बाकीचे बाकावर, दर मिनिटाला बदली, असं ठरवलं.

ठरवलं, पण बाहेर कोणी येईना. मिनिट झालं, मी ओरडतेय, आणि आतला हाताने "थांब, थांब" करतोय. दोन मिनिटं, तीन मिनिटं. जीभ बाहेर, पाय जड, तरी "एवढा एक गोल करतो आणि येतो". बाकावरचे घड्याळ बघत गार पडलेले. शेवटी एक जण रागावून पाणी प्यायला गेला तो आलाच नाही.

मला वाटतं हा खेळ शिकवताना नेम, पास, नियम यांहून हेच अवघड आहे. आपल्या डोक्यात मैदानाबाहेर बसणं म्हणजे आऊट होणं, नाहीतर बारावा गडी होऊन पाणी नेणं. बाहेर आलेला माणूस हरलेला. इथे तसं नाही. सामन्याला संघात वीस जणांपर्यंत नावं असतात, पाच-पाचांच्या तीन तुकड्या करतात, त्यांना फेम्मा म्हणतात, म्हणजे पंचक. हव्या तितक्या बदल्या, खेळ चालू असताना, पंचाला न विचारता. लेकीच्या प्रशिक्षक बाई दर पाऊण मिनिटाला ओरडतात, "ब्यूते!", म्हणजे बदल. आठ वर्षांची पोरंही निमूट येतात. कारण हा खेळ चालतो धाव-थांब-वळ असा, सगळा वेगाचा. मिनिटभरानंतर पाय पोचत नाहीत, मग माणूस पाय न हलवता स्टिक लांबवतो, आणि समोरच्याची स्टिक अडते नाहीतर पाय. निम्म्या चुका दमल्यावरच्या असतात. आज मी मोजल्या: चौदा फ्री हिट, त्यांतल्या दहा तिसऱ्या मिनिटातल्या.

घरी येताना ट्राममध्ये बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "यांच्यातलं कोणी खो-खो खेळलेलं नाही का?"

"सगळे खेळलेत, बाबा. शाळेत."

"मग? आठ जण बसतात, एक पळतो. बसलेल्याला कोणी राखीव म्हणतं? पळणारा खो देतो आणि तिथंच बसतो. त्याला कोणी आऊट म्हणतं?"

२९ ऑक्टोबर

आज पहाटे घड्याळं एक तास मागे गेली. हॉलच्या भिंतीवरचं गेलं नाही. त्याच्याकडे बघून दोघे खेळ संपला समजून बूट काढायला लागले.

बाबांच्या म्हणण्याप्रमाणे केलं. बाक एका बाजूला, त्यावर बसलेल्यांची तोंडं भिंतीकडे. दमलेल्याने बाकाच्या रेषेबाहेर यायचं, बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणायचं आणि त्याच्या जागी बसायचं. थाप मिळेपर्यंत उठायचं नाही. शिट्टी बाबांकडे.

पहिली पाच मिनिटं हसण्यात गेली. मग एकदम लय लागली. तोंड भिंतीकडे असल्यामुळे बाकावरून सल्ले देणारे बंद झाले, हा फायदा कोणी धरलाच नव्हता. आणि बाहेर यायला लोक उत्सुक, कारण खो द्यायला मिळतो! कोल्हापूरच्या एकाने तर वीस सेकंदांत येऊन खो दिला. बाबांनी त्याला परत पाठवलं, "अरे, पळून तर ये."

फ्री हिट आज सहा.

गंमत अशी की थाप मिळाल्याशिवाय न उठणं हा फ्लोअरबॉलचाच नियम निघाला. बाहेर येणारा फळी ओलांडून आला पाहिजे, मगच दुसरा आत. आधी शिरलात तर मैदानात एक गडी जास्त, दोन मिनिटांची शिक्षा. शिक्षेच्या बाकावर जाऊन बसायचं आणि संघाने चौघांत खेळायचं. खो-खोत खो मिळायच्या आत उठलं की फाऊल. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग यात नवीन काय आहे?"

५ नोव्हेंबर

चूक माझी. पोरांना डोळे वाचवणारे खेळाचे चष्मे सक्तीचे केले होते, मोठ्यांना "वाटलं तर घाला". आज पुण्याच्या ताईंना चेंडू भुवईवर लागला. जवळून, एक-दीड मीटरवरून. चेंडू हलका आहे म्हणून आपण गाफील राहतो, पण जवळून सुटलेला दिसतच नाही. बर्फाची पिशवी, सूज, डोळा शाबूत. बोटभर खाली लागला असता तर ही नोंद वेगळी झाली असती. पुढच्या रविवारपासून चष्म्याशिवाय हॉलमध्ये पाऊल नाही, मी धरून. आठ चष्मे मागवले.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. सुट्टी.

१९ नोव्हेंबर

चकल्यांचा परिणाम दिसला. पाऊण तास खेळून सगळे बाकावर, आणि मग एकाने विचारलं की हा खेळ काढला कोणी. लेकीला शाळेत हेच सांगायचं होतं म्हणून मी वाचून ठेवलं होतं, तर सांगितलं.

प्लास्टिकच्या स्टिका अमेरिकेतल्या. मिनेसोटात १९५० च्या दशकाच्या शेवटी कोझम नावाच्या कंपनीने पोरांसाठी काढलेल्या, शाळेच्या हॉलात हॉकी खेळता यावी म्हणून. त्या युरोपात पोचल्या. स्वीडनमध्ये गोष्ट सुरू होते आपल्याच गावात: १९६८ मध्ये कार्ल-ओके आलक्विस्ट यांनी हॉलंडमधून अशा स्टिका गोथेनबर्गला आणल्या. बरीच वर्षं तो शाळा-कॉलेजांतला हात-पाय मोकळे करायचा खेळ होता, हॉल तेवढे नियम. मग १९७९ मध्ये साला या छोट्या गावात पहिला क्लब निघाला, १९८१ मध्ये स्वीडनचा महासंघ झाला. स्वित्झर्लंडमध्ये ते याला उनिहॉकी म्हणत होते, फिनलंडमध्ये सालिबँडी. प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे. १२ एप्रिल १९८६ ला तिन्ही देश हुस्कवार्नाला बसले आणि आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. हुस्कवार्ना म्हणजे आपण व्हेटर्न तळ्यावर जाताना लागतं ते, गाडीने दोन तास. पुरुषांचा पहिला विश्वचषक १९९६, स्टॉकहोम. महिलांचा १९९७, ओलांड बेटांवर. दोन्ही स्वीडनने जिंकले. ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता २०११ ला मिळाली, पण ऑलिंपिकमध्ये अजून खेळ नाही.

"म्हणजे हा खेळ आपल्यापेक्षा लहान आहे," पुण्याच्या ताई म्हणाल्या. भुवई अजून निळी.

"नियम माझ्या नोकरीनंतरचे," बाबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हा मोठाच दोष असावा.

२६ नोव्हेंबर

बाबांचा शेवटचा रविवार, गुरुवारी विमान. शिट्टी ते परत देईनात. मग लेकीने ती त्यांनाच देऊन टाकली.

आज त्यांनी शेवटी स्टिक धरली. वय एकोणसत्तर. उजवी घेतली, खाली वाकून, गुडघे मोडून, खो-खोतल्या बैठकीसारखे. मी सगळ्यांना आठ रविवार ओरडून सांगत होते तीच ती उभं राहायची पद्धत: पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. पाठीतून वाकलेल्या माणसाला नाकाखालचा चेंडू दिसतो, गुडघ्यांतून वाकलेल्याला मैदान दिसतं. दोन पास दिले, एक चुकला, आणि स्वतःच येऊन खो देऊन बसले.

३ डिसेंबर

गोलकीपर. लेकीच्या क्लबातून एक जुना पोशाख उसना आणला: गाद्या शिवलेली पँट, अंगरखा, जाळीचा मुखवटा. स्टिक नाही. फ्लोअरबॉलचा गोलकीपर नुसत्या हातांनी आणि अंगाने खेळतो, तेही बहुतेक वेळ गुडघ्यांवर. गोल १६० सेंटिमीटर रुंद आणि ११५ उंच. गुडघ्यांवर बसून हात पसरलेला मोठा माणूस त्यातलं निम्मं झाकतो. चेंडू हातात आल्यावर तीन सेकंदांत सोडायचा.

माझी समजूत होती की कोणी तयार होणार नाही. साताऱ्याचा (लांब स्टिकवाला) म्हणाला मी बसतो. आणि बसला तो उठेना! छातीवर, मांडीवर, मुखवट्यावर चेंडू घेत राहिला. शेवटी घामाने निथळत मुखवटा काढून म्हणाला, "ताई, मला स्टिक नकोच होती बहुतेक."

बाक आडवे पाडलेली फळी आज दोनदा पायाला लागली. खरी फळी अशी नसते: एकमेकांत अडकवलेले हलके तुकडे, माणूस आदळला की सरकतात, सुटतात, मग लहान पोरं धावत येऊन परत जोडतात. आपले बाक सागवानी नसतील, पण नडगीला तेवढाच राग आहे त्यांचा.

१० डिसेंबर

आज सिंगापूरमध्ये महिलांची फायनल. स्वीडनने जिंकली, २००७ पासून सलग नववं जेतेपद. सगळ्यांनी आमच्या घरी बघितली, पोहे आणि लुसेकातेर (केशर घातलेले इथले नाताळातले पाव, आपल्याला चव लगेच आवडते). मी गोल बघायचं सोडून घड्याळ लावून बसले: बहुतेक खेळाडू चाळीस ते पन्नास सेकंदांत बाहेर. जगातल्या सर्वोत्तम बायका, आणि एकही "एवढा एक गोल करते आणि येते" म्हणत नाही. बदल होताना चेंडू समोरच्यांच्या अर्ध्यात खोल टाकायचा आणि मग यायचं, हेही आज उमगलं. आपण चेंडू आपल्या गोलसमोर असताना खो द्यायला पळतो, आणि तेवढ्यात गोल खातो.

१७ डिसेंबर

पाच जण. निम्मे भारतात, निम्मे तापाने. छोट्या गोलांवर नेम मारला, तासाभरात घरी.

५ जानेवारी २०२४

गोथिया इन्नेबँडी कप बघायला गेलो, पोरांच्या संघांची मोठी स्पर्धा, दर जानेवारीत गावात भरते. बाहेर बर्फ, आत गरम हॉल, ओल्या बुटांचा आणि कॉफीचा वास, एका वेळी कितीतरी मैदानं. आपल्या मंडळींना पहिल्यांदा पुरं ४० बाय २० मैदान दिसलं. कोल्हापूरचा कडेने चालत गेला, परत आला, म्हणाला, "एवढं पळायचं?"

लेकीचा संघ खेळला. बाकावरून उठताना तिने फळीवरून एक पाय टाकून ठेवला, मैदानातली फळी ओलांडून बाहेर आली, हिने दुसरा टाकला. अर्ध्या सेकंदाचं काम. मी तीन वर्षं हे बघतेय आणि आज पहिल्यांदा दिसलं.

तिथेच तिच्या क्लबातल्या पालकांनी विचारलं: तुमचा रविवारचा गट आहे म्हणे, आमच्याशी एक सामना? ४ फेब्रुवारी, मोठा हॉल. हो म्हणून बसले.

१४ जानेवारी

सामन्याचं कळल्यावर सोळा जण आले. तीन पंचकं पाडली. कोणी कोणाबरोबर यावरून तासभर व्हॉट्सॲपवर चाललेलं, त्याची नोंद करत नाही. नवरा-बायको एका पंचकात नकोत, एवढा ठराव मात्र एकमताने पास झाला.

जागा समजावल्या: दोन मागे, एक मधे, दोन पुढे. मधला सगळ्यात जास्त पळतो, म्हणून तो सगळ्यात आधी बाहेर येणार.

२१ जानेवारी

फेस-ऑफचा, म्हणजे खेळ सुरू करतानाच्या झटापटीचा, सराव. दोघं समोरासमोर, पाती चेंडूच्या दोन बाजूंना, चेंडूला न शिवता. पाय सरळ, शिट्टी झाली की ओढायचा. नागपूरची सगळ्यांना हरवते. नवरा म्हणतो घरी पण असंच असतं.

२८ जानेवारी

मोठा हॉल तासभर मिळाला. दहा मिनिटांत सगळे आडवे. पण आता बाहेर या म्हणून ओरडावं लागत नाही, आत जा म्हणून ओरडावं लागतं.

४ फेब्रुवारी

सामना. पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन डाव, घड्याळ न थांबवता. त्यांच्यातले दोघे तरुणपणी खालच्या विभागात खेळलेले, बाकीचे आपल्यासारखेच पोटं घेऊन आलेले.

हरलो, ११-४. पहिल्या डावात ५-०. फळीवरून येणारा चेंडू आपल्याला कळतच नव्हता, हॉलातल्या बाकांवरून तो मेल्यासारखा परत यायचा आणि इथे जिवंत येतो. दुसरा डाव ३-२. साताऱ्याच्या गोलकीपरने इतके अडवले की त्यांच्या बाकावरूनही टाळ्या. पुण्याच्या ताईंचा गोल बघण्यासारखा: फळीवर मारून स्वतःलाच पास, एक माणूस चुकवला, आणि केरसुणीने भरल्यासारखा कोपऱ्यात. उचल अजिबात नाही.

बदल्या चोख. आपले "खो" म्हणत होते, ते "ब्यूते" म्हणत होते, पंच दोन्हीकडे बघत होते. बाबा व्हिडिओ कॉलवर, तिकडे रात्रीचे दहा. फोन लेकीच्या हातात, फळीवर टेकवून.

तिसऱ्या डावात, २-२ चालू असताना, कोल्हापूरचा बदलीसाठी बाकाकडे येत होता आणि चेंडू सुटून माझ्या समोरच आला, तीन हातांवर, एकटा. तो अजून आतच होता. मी पाठीवर थाप यायची वाट बघायला हवी होती. फळीवरून उडी मारली.

शिट्टी. एक गडी जास्त. दोन मिनिटं.

शिक्षेचा बाक पलीकडच्या कडेला, एकटीनेच बसायचं. चाळीस सेकंदांत त्यांनी गोल केला. दोन मिनिटांच्या शिक्षेत गोल बसला की शिक्षा तिथेच संपते, म्हणून मी उठले आणि मैदान ओलांडून आमच्या बाकाकडे आले. लेकीने फोन माझ्याकडे वळवला. बाबांचा चेहरा कॅमेऱ्याच्या फार जवळ, अर्धं कपाळ आणि चष्मा. गळ्यात शिट्टी.

"उठलीस ना, खो मिळायच्या आधी?"